सिंह कोण, ते आधी सांगू नका

प्रश्न : आदरणीय बाई, सप्रेम सलाम. आमच्या संडेस्कूलला २३ मुलं आहेत, पाच वर्षांपासून तेरा वर्षांपर्यंतची. नाताळच्या तयारीत म्हणून त्यांना ‘नार्निया’चा पहिला सिनेमा दाखवायला घेतला. हॉलच्या भिंतीवर चादर लावली, भावाने प्रोजेक्टर आणून दिला. तासभर झाला असेल, एडमंड चेटकिणीच्या वाड्यातल्या कोठडीत बसलाय, आणि लाइट गेली ती आलीच नाही. उरलेला भाग पुढच्या रविवारी, असं सांगून मुलांना घरी पाठवलं. मधल्या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. एक, मंडळीतल्या एका आजोबांनी पाळकसाहेबांकडे तक्रार केली, की देवाच्या घरात जादूटोण्याचा सिनेमा दाखवतात. दोन, एका पाच वर्षांच्या मुलीची आई म्हणाली की पोर रात्री लांडगा लांडगा करून उठते. तिसरी गोष्ट लहान आहे, पण लिहिते. आमच्याकडे एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. मागे क्रिकेटच्या बॉलने हॉलची काच फुटली तेव्हा कोणी फोडली ते त्याने येऊन मला सांगितलं होतं. आता सगळी मुलं त्याला ‘एडमंड’ म्हणतात. उरलेला सिनेमा दाखवू की नको? आणि दाखवला तर सिंह म्हणजे प्रभू येशू, हे कसं समजावून सांगू? — एक संडेस्कूल शिक्षिका, जालना

उत्तर : तुमच्या तीन गोष्टींतली जी तुम्ही लहान म्हणून शेवटी लिहिलीत, तिच्यासाठी उरलेला सिनेमा दाखवायलाच हवा. रविवारपर्यंतही थांबू नका. शनिवारी संध्याकाळी मुलं गोळा करा, आणि इन्व्हर्टर असलेलं कोणाचं तरी घर बघा.

ज्या वाचकांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिसेंबर २००५ मध्ये आलेला हा चित्रपट सी. एस. लुइस यांच्या १९५० सालच्या पुस्तकावर बेतलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना चार भावंडांना खेड्यातल्या एका प्रोफेसरांच्या घरी पाठवतात. तिथल्या एका कपाटातून ती नार्निया नावाच्या देशात जातात. तिथे चेटकिणीचं राज्य आहे; कायम हिवाळा, पण नाताळ कधीच येत नाही. त्या देशाचा खरा राजा सिंह आहे, नाव अस्लान. तुर्की भाषेत या शब्दाचा अर्थच सिंह. भावंडांपैकी एडमंड मिठाईच्या लोभाने आपल्या माणसांना चेटकिणीच्या हाती द्यायला निघतो. पुढे त्याच्या बदल्यात सिंह दगडी टेबलावर स्वतःचा जीव देतो; पहाटे ते टेबल दुभंगतं आणि सिंह परत उठतो.

तुमची लाइट गेली ती नेमकी कुठे, हे लक्षात घ्या. कोठडीत एडमंडच्या शेजारी नार्नियातला टम्नस बांधलेला आहे, एडमंडच्या धाकट्या बहिणीला, ल्युसीला, ज्याने जीव धोक्यात घालून परत जाऊ दिलं तोच. चेटकीण टम्नसला सांगते, तू इथे आहेस तो या पोरामुळे, मिठाईपायी याने तुझं नाव सांगितलं. टम्नस मान वळवून एडमंडकडे बघतो. आणि तुमच्याकडे अंधार! मुलांनी एडमंडचं शेवटचं पाहिलं ते हे तोंड. मग त्यांनी आठवडाभर त्या नावाचा दगड करून कोणावर तरी मारला, तर नवल नाही. त्या मुलाला तुम्हीच, म्हणजे महावितरणने म्हणा, आठ दिवस कोठडीत बसवून ठेवलंय.

पुढे काय होतं ते आठवा. एडमंडला सोडवून आणतात. सकाळी बाकीची भावंडं तंबूतून बाहेर येतात तर वर टेकडीवर सिंह आणि एडमंड बोलत उभे आहेत. दुरून दिसतात, पण बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. लुइसने पुस्तकातही ते लिहिलं नाही. मग एडमंड खाली मान घालून येतो आणि सिंह इतकंच म्हणतो, की झालं ते झालं, त्याविषयी आता याच्याशी काही बोलायचं नाही.

मी हा सिनेमा मुलांना चार वेळा दाखवला आहे आणि चारही वेळा मुलांनी तोच प्रश्न विचारला: “बाई, सिंह त्याला काय म्हणाला?” पहिल्या वेळी मी उत्तर दिलं. पापाची कबुली, पश्चात्ताप, क्षमा, सगळं दहा मिनिटांत सांगून टाकलं. मुलांनी माना हलवल्या. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “बाई, पुढे लावा ना.” दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. म्हटलं, मलाही ऐकू आलं नाही. तुम्हांला काय वाटतं? सातवीतली एक मुलगी म्हणाली, सिंह रागावला असणार, पण हळू आवाजात. एक छोटा म्हणाला, काहीच बोलला नसेल, नुसता बरोबर चालला असेल. तिसरा म्हणाला, बाबा पोलिस स्टेशनवरून दादाला घेऊन आले तेव्हा असेच दोघं गच्चीवर गेले होते. त्याच्या घरची ती गोष्ट वर्गात कोणालाच ठाऊक नव्हती. सगळी गप्प झाली. मीही गप्प बसले, आणि तेवढंच काय ते माझ्याकडून त्या दिवशी बरोबर झालं.

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलासाठी वेगळं प्रवचन करू नका. त्याचं नाव घेऊन “आता याला असं म्हणायचं नाही हं” असंही म्हणू नका. त्याने ते नाव आणखी घट्ट चिकटेल. शिवाय त्याने काच कोणी फोडली ते सांगितलं, म्हणजे काही पाप केलं नाही. ते मुलांना एकदा स्वतंत्रपणे, सिनेमाशी न जोडता सांगा. टेकडीचा प्रसंग आला की मात्र व्हिडिओ थांबवून विचारा, काय बोलणं झालं असेल. कोण काय म्हणतं ते ऐका. मग पुढे लावा.

आणखी एक जागा मुलांच्या नजरेतून सुटते. अगदी सुरुवातीला बॉम्ब पडत असताना सगळे घराबाहेरच्या आसऱ्याकडे पळतात, तेव्हा एडमंड उलटा घरात धावतो. वडिलांचा फोटो आणायला. वडील लढाईवर आहेत. मोठा भाऊ त्याला स्वार्थी म्हणून झापतो. दुसरा भाग लावण्याआधी ही पाच मिनिटं परत दाखवा, काही न बोलता. ज्या मुलांचे वडील ऊसतोडीला किंवा पुण्याला कंपनीत असतात, ती मुलं तो फोटो बरोबर ओळखतात.

आता मिठाई. तिला मूळ गोष्टीत ‘टर्किश डिलाइट’ म्हणतात. साखर आणि स्टार्च शिजवून, गुलाबपाणी घालून, चौकोनी तुकडे पाडून वर पिठीसाखर. आपल्याकडे तिचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे दुकानात मिळतो तो कॉर्नफ्लॉवरचा कराची हलवा, रबरासारखा. मी पाव किलो आणला, बारीक तुकडे केले, पिठीसाखरेत घोळवले आणि दुसऱ्या भागाआधी वाटले. मुलं म्हणाली, यासाठी बहिणीला विकलं? तेव्हा त्यांना रेशन सांगता आलं. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून साखर रेशनवर होती आणि १९४२ पासून मिठाईही. मिठाईचं रेशन कायमचं उठलं ते १९५३ मध्ये. म्हणजे पुस्तक निघालं तेव्हा ते वाचणाऱ्या पोरांनाही गोळ्या-चॉकलेटं मोजूनमापूनच मिळत होती. आमच्या आजीने रेशनच्या रांगेतल्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्याही मी मग तिथेच सांगून घेतल्या. गोष्ट लांबली, हलवा संपला. पण लोभ म्हणजे काय हे त्या दिवशी फळ्यावर लिहावं लागलं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सिंह कसा समजावायचा. नका समजावू. निदान त्या दिवशी तरी नका.

आपल्या संडेस्कूलच्या मुलांना एक सवय लागलेली असते. बाईंनी काहीही विचारलं की “येशू!” असं ओरडायचं. झाडावर कोण चढतं, शेपूट झुपकेदार, दाणे खातं... उत्तर खार, पण मुलं म्हणणार “येशू!” तुम्ही सिनेमा संपल्या संपल्या “सिंह म्हणजे कोण?” विचारलंत तर तेवीसच्या तेवीस बरोबर उत्तर देतील आणि एकालाही काही झालेलं नसेल.

लुइसचं स्वतःचं म्हणणं बघा. १९५४ साली अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांना लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलं, की मी येशूच्या जागी सिंह ठेवून रूपक रचलेलं नाही. मी अशी कल्पना केली, की नार्नियासारखा एखादा देश असता आणि देवाचा पुत्र आपल्याकडे जसा माणूस झाला तसा तिथे सिंह झाला असता, तर काय घडलं असतं. फरक बारीक आहे, पण वर्गात मोठा पडतो. रूपक म्हटलं की मुलं जोड्या लावायला बसतात, ‘अ’ गट ‘ब’ गट. आणि नार्नियाच्या तिसऱ्या पुस्तकात सिंह मुलांना एवढंच सांगतो, की तुमच्या जगात माझं नाव वेगळं आहे, त्या नावाने मला ओळखायला शिका. नाव सांगत नाही. लिहिणाऱ्याने तीन पुस्तकं धीर धरला, तर आपल्याला चहाबिस्किटांपर्यंत धरवत नाही होय?

पवित्र शास्त्रातही शिक्षकांसाठी धडा आहे, नाथान संदेष्ट्याचा. दाविदाने पाप केलं तेव्हा नाथानाने त्याला गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगितली आणि तो थांबला. दाविदाला राग येऊ दिला, निवाडा करू दिला. ‘तो मनुष्य तूच’ हे त्याच्या नंतर आलं (२ शमुवेल १२). आधी सांगितलं असतं तर राजाने त्याला बाहेरच काढला असता. आमच्या नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा आहे. त्यात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. मोठ्यांना ते चालतं. मुलांपुढे मी ते उलटं करते, आधी आख्यान, आणि निरूपण जमलं तर पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी काय कराल? लूक २३ आणि २४ हे अध्याय नुसते मोठ्याने वाचा. थट्टा, अंधार, पहाटे कबरेकडे गेलेल्या स्त्रिया. सिंहाचं नावसुद्धा काढू नका. आमच्याकडे मत्तयातला मंदिराचा पडदा फाटल्याचा भाग वाचताना एक मुलगा मध्येच ओरडला, “दगडी टेबल!” त्याच्या शेजारचीला दोन सेकंदांनी कळलं. मग रांगेतून ते पुढे गेलं, दिवे लागत जावेत तसं. मी तेवढा वेळ वाचायची थांबले.

आणि अडचणीचे प्रश्न येऊ द्या. एका मुलीने विचारलं होतं, “बाई, पेत्र तर म्हणतो सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो. मग येशूला सिंह कसं म्हणायचं?” १ पेत्र ५:८, तिने पाठ केलेलं वचन. मी प्रकटीकरण ५:५ काढून दिलं, ‘यहूदा वंशाचा सिंह’, आणि त्याच्या पुढची ओळही वाचायला सांगितली. योहान सिंह बघायला वळतो आणि त्याला दिसतं कोकरू, वधलेलं. ती मुलगी ती ओळ दोनदा वाचून म्हणाली, “हे तर फसवणं झालं.” मला हसू आलं, पण खरंच आहे तिचं.

लांडग्याला घाबरणारी मुलगी. तिच्या आईला सांगा, चूक माझी. पाच-सहा वर्षांच्यांना हा सिनेमा मोठा आहे, लांबीने (पूर्ण २ तास २३ मिनिटं) आणि भीतीनेही. दगडी टेबलाच्या प्रसंगात रक्त दिसत नाही म्हणा, पण सिंहाला बांधून त्याची आयाळ कापतात, भोवती ते सगळे विद्रूप जीव किंचाळतात. ते बघून मोठी मुलंही पाय वर घेऊन बसतात. छोट्यांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत चित्रं रंगवायला बसवा. बसायचंच म्हणाली तर आधी कानात सांगा, सिंह परत उठतो. गोष्ट फुटली तरी लहान मुलांचं काही बिघडत नाही, ती एकच गोष्ट शंभरदा ऐकतात. अर्थ तेवढा फोडू नका.

आजोबांविषयी शेवटी लिहिते आहे, पण ते हलकं नका घेऊ. अनुवाद १८ मध्ये जादूटोणा, चेटूक, मंत्रतंत्र यांना स्पष्ट मनाई आहे आणि आजोबा ते वाचून बोलताहेत. ज्या गावांत आपल्या आधीच्या पिढ्यांनी भगताचा धाक सोसला, तिथे ‘चेटकीण’ हा शब्द पडद्यावरचा नसतो. ‘ही तर नुसती कल्पना आहे’ असं त्यांना सांगू नका, त्यांना कमी लेखल्यासारखं वाटेल. एवढं जरूर म्हणा, की या गोष्टीत चेटकिणीची जादू माणसाला दगड करते आणि तिचा शेवटही होतो. बोलणाऱ्या प्राण्यांवर आक्षेप असेल तर पवित्र शास्त्रातच बलामाची बोलणारी गाढवी आहे. शास्तेच्या नवव्या अध्यायात तर झाडं सभा भरवून राजा निवडतात. पण त्याहून बरं म्हणजे त्यांना शनिवारी बोलवा. पुढची खुर्ची द्या.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्या वडिलांना सिनेमा हा शब्द घरात चालत नसे. मग एकदा गावात ‘दयासागर’ आला, १९७८ च्या ‘करुणामयुडु’ या तेलुगू चित्रपटाची हिंदी आवृत्ती. गावोगाव पडदा बांधून तो दाखवत. गर्दी इतकी, की आम्हांला पडद्याच्या मागच्या बाजूला जागा मिळाली. तिकडून सगळं उलटं दिसतं. प्रभू डाव्या हाताने आशीर्वाद देत होता, शिपायांच्या तलवारी उजव्या कमरेला. वडील पूर्ण वेळ उभे होते. घरी येताना म्हणाले, “उलटा होता, पण बरा होता.” त्यापुढे त्यांनी सिनेमाला कधी नाव ठेवलं नाही. पाहायलाही परत कधी गेले नाहीत, ते सोडा.

आजोबा बघूनही नको म्हणाले तर त्यांचा मान राखा आणि यापुढेही हॉलऐवजी कोणाच्या तरी घरीच, पालकांना विचारून दाखवा. मुलांसमोर वाद मात्र नको.

प्रश्न : बाई, ओटीटीवरून चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला तर चालतं का? आम्ही पाच रुपये तिकीट ठेवून रंगकामासाठी पैसे जमवणार आहोत. — तरुण संघ, मिरज

उत्तर : तिकीट नको. ओटीटीचं खातं घरच्या वापरापुरतं दिलेलं असतं आणि डीव्हीडीच्या वेष्टनावरही बारीक अक्षरांत तेच छापलेलं असतं. हॉलमध्ये लोक जमवून दाखवायचं असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी काढावी लागते, फुकट दाखवलं तरी. चोरून उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवर आणून तिच्यावर एडमंडचा धडा देणं मला तरी जमणार नाही. रंगकामासाठी भजी आणि चहाचा स्टॉल लावा, पाच रुपयांहून जास्त सुटतात.

प्रश्न : नमस्कार बाई. धर्मशिक्षण वर्गात नार्निया पाहून आल्यापासून माझा आठ वर्षांचा मुलगा नाताळला तलवार मागतो आहे. फादर ख्रिसमसनेच मोठ्या भावाला, पीटरला, दिली म्हणतो. नाताळबाबाने शस्त्रं वाटावीत हे मला काही पटलं नाही. — एक आई, वसई

उत्तर : मलाही पहिल्यांदा खटकलं होतं. लुइस स्वतः पहिल्या महायुद्धात लढला, एप्रिल १९१८ मध्ये जखमी झाला; लढाई त्याला गंमत वाटत नव्हती. पण त्याच पोत्यातून ल्युसीला काय मिळतं ते मुलाला विचारा. जखमा बऱ्या करणाऱ्या औषधाची छोटी बाटली. सिनेमाच्या शेवटी ती एडमंडला एक थेंब पाजते, तो उठून बसतो, आणि मग ती रणांगणावर पडलेल्या बाकीच्यांकडे धावते. तलवारीचं काम तेव्हा संपलेलं असतं.

म्हणून दोन्ही द्या. तलवार पुठ्ठ्याची, चंदेरी कागद लावून, आणि बाटली खोकल्याच्या औषधाची, धुऊन, आत कोकम सरबत. अट एकच: ज्याला तलवार लागेल त्याला लगेच एक घोट. आमच्या नातवाने दुपारपर्यंत दीड लिटर सरबत संपवलं आणि तलवार नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात विसरला. संध्याकाळी मेंढपाळांच्या मागे उभी केलेली सापडली.